अनोळखी माणसाचे ऋण

(मंदिर जीर्णोद्धार समारंभात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिखलदरा हे नाव कीचकदऱ्यावरून पडले, असे आपल्याकडील जुनी माणसे सांगत आली आहेत. कथा सर्वांच्या तोंडपाठ आहे. पांडव अज्ञातवासात विराट राजाच्या आश्रयास आले. द्रौपदी सैरंध्री होऊन राणीच्या सेवेत राहिली. राणीचा भाऊ कीचक याने तिच्याविषयी वाईट वासना धरली. भीमाने त्याचा वध करून त्याला दरीत लोटले व भीमकुंडात हात धुतले. मेळघाटातील सर्वांत उंच ठिकाणास वैराट म्हणतात, त्याचाही संबंध लोक विराटाशी जोडतात.

या कथेतील कीचकाचा वध लहान मुलाच्याही ध्यानात राहतो. विराटाने काय केले, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. त्याच्या दारी एकामागून एक अशी सहा माणसे आली. कोणाच्या अंगावर राजचिन्ह नव्हते, सांगितलेली नावेही खरी नव्हती. राजाने एकास सभेत बसविले, एकास स्वयंपाकघरात घेतले, कोणास घोडे सांभाळावयास दिले, कोणास गाई. वर्षभर त्यांच्या पानात अन्न वाढले गेले. आपण कोणास जेवू घालीत आहोत, हे त्यास ठाऊक नव्हते. म्हणजे आपल्या गावाच्या नावामागे दोन माणसे उभी आहेत. एक, अनोळखी माणसास आसरा देणारा. दुसरा, अनोळखी बाई पाहून हिला कोणी विचारणारे नाही असे समजणारा. दरीला नाव दुसऱ्याचे मिळाले. गावाने वळण मात्र पहिल्याचे घ्यावे.

पुराणातील गोष्ट पुराणात राहते, असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्याच जिल्ह्यातील, अलीकडच्या काळातील गोष्ट पाहू.

गाडगेबाबांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी शेंडगाव येथे, परीट कुटुंबात झाला. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील लवकर वारल्यामुळे ते मामाकडे दापुरे येथे वाढले, गुरे राखली, वावरात राबले. 1905 साली, वयाच्या 29 व्या वर्षी, त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात काठी व फुटक्या मडक्याचे खापर. त्या काळी त्यांना गाडगेबाबा म्हणून कोणी ओळखीत नव्हते. गावोगाव हिंडणारा एक वेडगळ माणूस, एवढीच लोकांच्या लेखी त्यांची ओळख. दारी जावे, अंगण झाडावे, लाकडे फोडावी, पडेल ते काम करावे व मग भाकर मागावी, असा त्यांचा क्रम होता. कोणी भाकर दिली, कोणी शिळा तुकडा दिला, कोणी हाकलून लावले.

येथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखे आहे. बाबांनी पुढे नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईस जे. जे. इस्पितळाजवळ रुग्णांच्या नातलगांसाठी निवारा झाला. या कामास ज्यांनी मोठ्या रकमा दिल्या त्यांच्या नावांची कोठे ना कोठे नोंद राहिली असेल. परंतु त्या खापरात ज्यांनी पहिली भाकर टाकली, त्या आयाबायांची नोंद कोठे आहे? चुलीपुढे घामाघूम झालेल्या, घरात आधीच खाणारी तोंडे जास्त असलेल्या त्या बायांनी दारच्या वेड्यास अर्धी भाकर व वर ठेचा दिला. तो कोण आहे व पुढे काय होणार, हे त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता. पण तो माणूस त्या भाकरीवर जगला, म्हणून पुढचे सर्व झाले. धर्मशाळांच्या खऱ्या पहिल्या देणगीदार त्याच आहेत. त्यांची पावती कोणी फाडली नाही.

बाबांनी तरी हे ऋण फेडावे कोणास? त्या घरी परत जाऊन अर्धी भाकर देता येत नाही, आणि दिली तरी हिशेब पुरा होत नाही. बाबांनी वेगळा मार्ग काढला. ज्यांच्याकडून मिळाले त्यांच्याऐवजी, पुढे जो गरजू येईल त्यास दिले. आपल्या जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते. त्या ठिकाणी बाबांनी यात्रेकरूंसाठी घाट बांधविला. ऋणमोचन म्हणजे ऋणातून सुटका. नदीत बुडी मारून सुटका होते की नाही हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडावे. पण नदीचा काठ चढताना परक्याचा पाय घसरू नये म्हणून पायरी बांधणे, हे ऋणमोचनच होय, याविषयी कोणाचे दुमत होऊ नये.

आणखी एक गोष्ट. पंढरपूरच्या वारीत त्या काळी सर्वजण एकाच विठ्ठलाचे नाव घेत चालत, पण मुक्कामास पोहोचल्यावर अस्पृश्य समजल्या गेलेल्या वारकऱ्यांस छप्पर मिळत नसे. बाबांनी त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली व 1949 साली ती वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यावरून ध्यानात यावे की, दुरून आलेला तोच परका असे नाही. आपल्याच गावातला, रोज दिसणारा माणूसही आपण कधी कधी परका करून ठेवतो. अशा माणसाची आठवण ठेवणे अधिक कठीण असते.

20 डिसेंबर 1956 रोजी वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर, वाटेतच बाबांचे देहावसान झाले. ज्यांनी वाटसरूंसाठी एवढे निवारे उभारले त्यांचा शेवट वाटेवरच व्हावा, यात वऱ्हाडच्या माणसास बरेच काही उमगते. आज अमरावतीच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे.

ही परंपरा बाबांबरोबर संपली असे नाही. घाट उतरून परतवाड्याकडे गेले की वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांचा आश्रम आहे. कोणी रेल्वे फलाटावर, कोणी कचऱ्यात टाकून दिलेली अपंग, अंध, मूकबधिर मुले तेथे वाढतात. शंभराहून अधिक मुलांच्या कागदपत्रांवर वडील म्हणून शंकरबाबांचे नाव आहे. कचेरीत ज्याचा कधी संबंध आला असेल त्यास ठाऊक आहे की, अर्जातील वडिलांच्या नावाचा रकाना कोरा असला म्हणजे माणसाची किती फरफट होते. तो रकाना एका परक्या माणसाने आपल्या नावाने भरून दिला. तेथे वाढलेली एक अंध मुलगी 2024 साली राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊन शासकीय सेवेस पात्र ठरली. त्याच वर्षी शंकरबाबांस पद्मश्री जाहीर झाली. इकडे मेळघाटात बैरागड येथे डॉ. रवींद्र कोल्हे व डॉ. स्मिता कोल्हे यांनी दवाखाना चालविला. पहिल्या तपासणीस दोन रुपये व पुढे एक रुपया, एवढीच त्यांची फी. डॉ. रवींद्र कोल्हे मूळचे शेगावचे. कोरकू बांधवांशी त्यांचे ना नाते, ना गोत. त्यांच्याही कार्याचा 2019 साली पद्मश्रीने गौरव झाला.

या मोठ्या माणसांच्या गोष्टी ऐकून मान डोलावणे सोपे असते. आपल्या रोजच्या दिवसात परक्यांचे किती हात लागतात, तिकडे लक्ष जाणे कठीण. पावसाळ्यात घाटात धुके उतरले म्हणजे हातभर अंतरावरचे दिसत नाही. एस. टी. चा चालक दिवे लावून, भोंगा वाजवीत, वळणावळणाने गाडी वर आणतो. चाळीस-पन्नास माणसे उतरतात, बोचकी उचलतात व घरी जातात. त्याचे नाव किती जणांस ठाऊक असते? रात्री-बेरात्री बाळंतिणीस रक्त द्यावे लागते. पिशवीवर रक्ताचा गट लिहिलेला असतो, देणाराचे नाव नसते. आई व मूल घरी येतात, बारसे होते, पेढे वाटले जातात. रक्त देणारा आपल्या वावरात किंवा दुकानात असतो, त्यास याची खबरही नसते. आपण घरी सुखरूप पोहोचलो, दिवा लागला, पोरे जेवून झोपली, ही साधी गोष्ट वाटते. तीत अनेकांची देणी मिसळलेली असतात.

आपल्याकडे म्हणतात, अमका देवासारखा धावून आला. बोलणे गोड आहे. पण त्यात एक पळवाट आहे. देव धावून आला म्हटले की धावणाऱ्याचे श्रम दिसेनासे होतात. त्यालाही घरी गुरे सोडावयाची होती, त्याचाही रोज बुडाला, तो उपाशी असेल, हे विचारावयाचे राहून जाते. देवाचे आभार अवश्य मानावे. त्या माणसास पाणी, चहा विचारून मग मानावे.

आणि ज्याची गाठ पुन्हा पडणार नाही, त्याचे काय? त्याचे उत्तर घाटातला रस्ता देतो. चढावर गाडी बंद पडली की कोणी वाटसरू धावत येऊन चाकामागे दगड लावतो. गाडी सुरू होते, लोक निघून जातात व तो दगड तसाच रस्त्यात राहतो. रात्री एखादा सायकलवाला किंवा फटफटीवाला त्यावर आदळतो. ज्या दगडाने एकाचा जीव वाचला, त्यानेच दुसऱ्याचा जावा, हा कृतघ्नपणा नव्हे तर काय? दगड लावणारा तर निघून गेला. त्याचे आभार मानावयाचे असतील तर खाली उतरून तो दगड कडेला ठेवावा. मागून येणारा कोण आहे हे कळणार नाही, त्यासही कळणार नाही. तरी उपकार फिटला तो तेथे.

आता मंदिराविषयी थोडे. जीर्णोद्धार झाला, भिंती नव्या झाल्या, फरशी बसली. ज्यांनी पैसा दिला, ज्यांनी बैलगाडी वा ट्रॅक्टर दिला, ज्यांनी अंगमेहनत केली, त्या सर्वांचे गाव ऋणी आहे. परंतु जुनी मंदिरे नुसती पूजेसाठी बांधलेली नव्हती. मंदिराचा ओटा म्हणजे गरिबाची धर्मशाळा. दूधखवा घेऊन निघालेला गवळी, बाजाराहून परतणारा कोरकू, शेवटची गाडी चुकलेला शिक्षक, फेरीवाला, बैरागी, सारे त्या ओट्यावर पाठ टेकीत आले. अलीकडे ठिकठिकाणी असे दिसते की, मंदिर नवे झाले की ओट्यास लोखंडी जाळी लागते व संध्याकाळी कुलूप पडते. चोरीचे भय खोटे नाही. दागिने व दानपेटी सांभाळलीच पाहिजे. म्हणून गाभाऱ्यास कुलूप असावे. ओट्यास असू नये.

विश्वस्त मंडळी व देणगीदार यांच्यापुढे तीन लहान गोष्टी ठेवाव्याशा वाटतात. ओट्याची एक बाजू रात्री उघडी राहावी. कोपऱ्यात रांजण भरलेला असावा व तो भरण्याची पाळी घरोघर लावून द्यावी, म्हणजे कोणा एकावर भार पडणार नाही. आणि तेथे रात्रभर एक दिवा जळावा, म्हणजे धुक्यात चुकलेल्यास वस्ती दिसेल. खर्च थोडा आहे. लागेल ती फक्त आठवण.

देणगीदारांची नावे फरशीवर कोरली जातील, ते योग्यच आहे. त्या फरशीच्या खाली एक ओळ कोरी सोडावी. ज्या अनोळखी हातांमुळे या गावातील माणसे आजवर घरी सुखरूप पोहोचली, त्या सर्वांची ती जागा समजावी. लहान मुलांनी विचारले की येथे कोणाचे नाव राहिले, तर वडीलधाऱ्यांनी त्यांना ही गोष्ट सांगावी व रांजण भरावयास पाठवावे.