तलावाकाठची शाळा

(मेळाव्यात संघटनेतर्फे केलेले भाषण. ज्या गावांना येता आले नाही त्यांच्यासाठी येथे देत आहोत. ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावे.)

 

गेल्या काही दिवसांत चार-पाच गावांतून एकच प्रश्न आला. फॉरेस्टवाले तलावावर निसर्ग शिबिर घेतात. शाळेच्या पोरांना गाडीत बसवून नेतात. यंदा आई-बापांनाही बोलावलं आहे. तर जायचं की नाही? काही गावं म्हणाली, बहिष्कार टाका, हे सगळं आपल्याला उठवण्यासाठी आहे. काही म्हणाली, पोरांना पाखरं दिसतात, एक वेळ जेवण मिळतं, जाऊ द्या.

आम्ही संघटनेत बसून यावर बोललो. आमचं मत आधीच सांगून टाकतो. जायचं. पोरांना पाठवायचं, आपणही जायचं. पण कसं जायचं आणि तिथं काय बोलायचं, हे ग्रामसभेत ठरवून जायचं.

आम्ही स्वतः अशा एका शिबिराला गेलो होतो. तलावाचं नाव घेत नाही, साहेबाचंही घेत नाही, कारण भांडण त्या एका माणसाशी नाही. रेंजर तरुण होता, मनापासून शिकवत होता. त्यानं दुर्बीण दिली. आमच्यातल्या एका म्हातारीनं ती डोळ्याला लावली आणि कमळाच्या पानावर चालणारं पाखरू पाहून हसायलाच लागली. म्हणाली, “याले त मी लहानपणापासून पायतो, पण याच्या पायाची बोटं एवढी लांब असतेत हे आज दिसलं.” लांब बोटांमुळे वजन पसरतं आणि पान बुडत नाही, हे रेंजरनं समजावून सांगितलं. वाघाचा पंजा कसा ओळखायचा, बिबट्याचा कसा, तेही दाखवलं.

आणखी एक गोष्ट सांगितली ती तर आपल्या जिवाची आहे. मोहफूल वेचायला, पानं तोडायला एकट्यानं जाऊ नका. दिवस उजाडायच्या आत जाऊ नका. वाकलेला किंवा बसलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, जनावरासारखा दिसतो. म्हणून चार-पाच जणांनी मिळून जा, आवाज करत राहा. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात किती घरांतली माणसं अशी गेली हे आपल्याला कोणी सांगायला नको. हे ज्ञान घ्यायलाच हवं. त्याबद्दल त्या रेंजरचे आभारच.

मग चित्रांचा तक्ता उघडला. वर लिहिलं होतं, ‘जंगलाचे शत्रू’. खाली एक कुऱ्हाड, एक जाळं टाकणारा माणूस, एक आग आणि डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली बाई. पुढं बसलेली सहावीतली पोरगी उठून उभी राहिली. म्हणाली, “सर, हे त माह्या मायसारखी दिसते. ते शत्रू होय का?”

सगळे गप्प झाले. रेंजरही गप्प झाला. मग म्हणाला, तक्ता वरून छापून येतो.

त्यानंतर शपथ झाली. पोरांनी हात पुढं करून म्हटलं की आम्ही जंगलात जाणार नाही, जंगलातून काही आणणार नाही. आई-बाप मागं उभे होते. ज्या मोहाच्या पैशात वह्या घेतल्या, तो मोह आणणार नाही म्हणून पोरं शपथ घेत होती.

शेवटी कागद आला. हजेरी आहे, सह्या करा, अंगठे द्या. कागद वरून कोरा होता. आमच्यातल्या एका काकांनी विचारलं, “वर काय लिहिणार जी?” उत्तर मिळालं, नंतर लिहू. काकांनी कागद परत दिला. त्या दिवशी कोणाची फसवणूक झाली असं आमचं म्हणणं नाही. पण ज्या भागात पुनर्वसनाची बोलणी चालू आहेत तिथं कोऱ्या कागदावर अंगठा देणं म्हणजे घराचं दार उघडं टाकून बाजाराला जाणं आहे.

आता ताडोबाच्या तलावाचं बोलू. त्या जंगलाला नाव कोणी दिलं? तारू देवानं. आपले जुने लोक सांगतात, तारू हा गावचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना गेला. तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे. पौषात तिथं जत्रेला जायची आपली रीत. १९५५ साली तिथं राष्ट्रीय उद्यान झालं, १९८६ साली शेजारी अंधारी अभयारण्य झालं, पुढं दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. आता तलावापर्यंत जायला फाटक आहे, वेळ आहे, परवानगी आहे. नाव मात्र आपल्याच देवाचं आहे.

त्याच तलावाची एक गोष्ट आहे. जिल्ह्याच्या गॅझेटियरातही ती छापलेली आहे. एक वरात डोंगरातून चालली होती. पाणी कुठं मिळेना. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, इथं खणा. खणलं तसं पाणी उसळलं आणि तलाव झाला. पुढं लोकांच्या घरी लग्नकार्य निघालं की ते काठावर येऊन तलावाला भांडी मागायचे. भांडी पाण्यातून वर यायची. कार्य झालं की धुऊन पुसून परत द्यायची. एकदा एका लोभी माणसानं भांडी ठेवून घेतली. त्या दिवसापासून तलावानं भांडी देणं बंद केलं.

पोरांनो, ही गोष्ट घरी आजीला विचारा, ती आणखी नीट सांगेल. या गोष्टीत तलाव म्हणत नाही की माझ्याकडे येऊ नका. तो म्हणतो, या, गरजेपुरतं घ्या, आणि घेतलेलं परत करा. रेंजरच्या तक्त्यावर लिहिलं आहे, हात लावू नका. आपल्या तलावानं शिकवलं आहे, हात लावा पण हिशेबानं. प्रत्येक कुळाला आपापलं झाड, आपापला प्राणी राखायला दिला, तो याच हिशेबासाठी. नवं खाण्याचा सण झाल्याशिवाय नवं फळ तोंडात घालायचं नाही, तेही यासाठीच.

आता आपलंही चुकतं ते बोलू, नाहीतर आपल्या बोलण्याला वजन राहणार नाही. मोहाखालचा पाला जाळतो आणि आग विझवल्याशिवाय घरी येतो. नाल्यात औषध टाकून मासे मारणारे दोन-चार प्रत्येक गावात आहेत. ते लोभी माणसाचेच भाऊ. त्यांना ग्रामसभेनं विचारलं पाहिजे. आपण विचारलं नाही तर दुसरा कोणी येऊन सगळ्या गावाला शत्रू ठरवतो.

कायदा काय म्हणतो? २००६ च्या वनहक्क कायद्यात अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान दोन्ही येतात. त्याच्या कलम ३ मध्ये गौण वनोपज, मासे, पाणी, चराई यांचे हक्क आहेत. आपल्या पारंपरिक ज्ञानावर गावाचा हक्क आहे, तोही त्याच कलमात. कलम ५ मध्ये ग्रामसभेला वन्यजीव, जंगल, पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार दिला आहे. म्हणजे ज्या बाईचं चित्र शत्रू म्हणून काढलं, तिला कायदा राखणदार म्हणतो. आणि गाव हलवायचं असेल तर आधी हक्क मान्य झाले पाहिजेत आणि ग्रामसभेची समजून-उमजून दिलेली संमती हवी. व्याघ्र प्रकल्पासाठी वन्यजीव कायद्यातही २००६ सालीच तशी दुरुस्ती झाली. शिबिराची हजेरी ही संमती नव्हे.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा आठवा. त्या गावानं अभ्यास गट चालवले. बाहेरच्या जाणकारांना बोलावलं, त्यांचं ऐकलं, उलट प्रश्न केले, आणि निर्णय सगळ्यांच्या सहमतीनं गावानं घेतला. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. शिकायला ते लाजले नाहीत, आणि शिकवणाऱ्याला गावाचा मालकही केलं नाही.

म्हणून आमची विनंती अशी:

एक. शिबिराचं पत्र शाळेला येतं, ते ग्रामसभेलाही आलं पाहिजे. तारीख, जागा, काय शिकवणार, हे त्यात असावं.

दोन. रेंजरसोबत गावाचा एक भूमक आणि एक जाणती बाई शिकवायला उभी राहील. झाडांची, पाखरांची नावं गोंडीतही फळ्यावर लिहायची. आणि गाइडला मजुरी मिळते तशी या दोघांनाही मिळावी.

तीन. सरपणवाल्या बाईचं चित्र तक्त्यावरून काढावं. शपथ घ्यायचीच असेल तर ती गावानं ठरवलेली. आग विझवल्याशिवाय घरी जाणार नाही, नाल्यात औषध टाकणार नाही, ही शपथ आम्हीही घेऊ.

चार. कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठा नाही. वर ‘शिबिराची हजेरी’ आणि तारीख लिहा, खाली रेघ मारा, मग सही करा. एक प्रत गावाकडे ठेवा.

पाच. वनहक्क समितीनं तलावावरचे आपले जुने वापर लिहून काढावेत. पाणी कुठून भरतो, जाळं कुठं टाकतो, ढोरं कुठं उतरतात, ठाणं कुठं आहे. म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन नकाशा काढा. शिबिराला जाल त्याच दिवशी हे काम होतं.

त्या सहावीतल्या पोरीला उत्तर अजून मिळालेलं नाही. पुढच्या शिबिरात ते आपण द्यायचं, तिच्या मायला तक्त्यासमोर उभं करून. रेंजर साहेबांनी बसून ऐकावं, आम्ही त्यांचं ऐकतो तसं.

ज्या गावांचा ठराव तयार होईल त्यांनी प्रत संघटनेकडे पाठवावी.

जोहार!