घराजवळचें तुषारांगण



वैशाखांतील दुपार ही शहरांतल्या मुलांच्या दृष्टीनें दिवसांतील सर्वांत लांब वेळ असते. शाळेला सुटी, बाहेर ऊन, आणि घरांत वडील मंडळींची वामकुक्षी! अशा तिहेरी बंदोबस्तांत सांपडलेलें मूल शेवटीं न्हाणीघरांतील नळाखालीं जाऊन बसतें आणि पाणी वायां घालविल्याबद्दल बोलणीं खातें. उन्हाळ्यांत मुलाला पाण्याची ओढ लागावी यांत नवल कांहींच नाहीं. प्रश्न एवढाच कीं, ही ओढ त्यानें भागवावी कोठें? या प्रश्नाच्या एका उत्तराविषयीं आज मी चार शब्द बोलणार आहें.

त्या उत्तराला इंग्रजींत 'स्प्लॅश पॅड' म्हणतात, आणि आपल्याकडील गृहसंकुलांच्या जाहिरातींतहि हेंच नांव आतां दिसूं लागलें आहे. जन्मभर मराठी शिकविण्याचा धंदा केल्यामुळें तें नांव माझ्या जिभेवर बसत नाहीं. मी आपला माझ्यापुरतें त्याला 'तुषारांगण' म्हणतों. कोणास याहून चांगला शब्द सुचल्यास त्यानें तो खुशाल वापरावा. वस्तु अगदीं साधी आहे. किंचित् उताराची फरशी घातलेलें एक मोकळें अंगण. त्या फरशींत बसविलेल्या तोट्यांतून पाण्याच्या धारा वर उडतात, कोठें कमानीवरून सर कोसळते, कोठें उंचावर टांगलेली बादली भरली कीं आपोआप कलंडते. पडलेलें पाणी जाळीवाटें लगेच खालीं निघून जातें. तें कोठेंहि सांचत नाहीं, हेंच या योजनेंतील मर्म. तलावांत मूल पाण्यांत उतरतें. येथें पाणी मुलाच्या अंगावर येतें. घोटा बुडेल एवढेंहि पाणी उभें राहत नसल्यामुळें बुडण्याचें भय जवळजवळ उरत नाहीं.

ही कल्पना आपल्याला अगदींच परकी आहे असें नाहीं. पुण्याच्या शनिवारवाड्यांतील हजारी कारंजें आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचें तें कारंजें बाल सवाई माधवरावांच्या करमणुकीसाठीं उभारलें, असें सांगतात. सवाई माधवरावांचा जन्म १७७४ सालचा. तेव्हां आजच्या भाषेंत बोलावयाचें तर तें एका मुलाचें तुषारांगणच होय. वाड्याला पाणी येई तें कात्रजच्या तलावांतून, नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत बांधलेल्या नळांतून, केवळ उताराच्या जोरावर. पंप नाहीं, वीज नाहीं. त्याच पाण्यावर शहरांतील हौदहि भरत. मात्र हौदावरचें पाणी घागरीनें घरीं नेण्याचें. उडणारें पाणी वाड्यांतल्या एका मुलाचें. सर्वांच्या मुलांसाठीं पाणी उडवावें हा विचार पुढें फार उशिरां आला, आणि त्याचा एक धागा शोधीत गेल्यास तो राजवाड्यांत सांपडत नाहीं, परमुलखांतील मजुरांच्या गल्लींत सांपडतो.

न्यूयॉर्क शहरांत १८९६ च्या ऑगस्टमध्यें दहा दिवस भयंकर उष्मा झाला. तेथील गरिबांच्या चाळी उंच, खोल्या कोंदट, वारा यावयास वाट नाहीं. हजारावर माणसें दगावलीं. गारव्यासाठीं रात्रीं गच्चीवर निजलेलीं माणसें झोपेंत खालीं पडून मेल्याच्या हकीकती नमूद आहेत. पुढें राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट हे त्या वेळीं त्या शहराच्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष होते. गरीब वस्तींत फुकट बर्फ वांटण्याचें काम त्यांच्या देखरेखीखालीं झालें. रस्ते निवावेत म्हणून ते पाण्यानें धुण्यांत आले. आग विझविण्यासाठीं पदपथाच्या कडेला बसविलेले आंखूड लोखंडी नळ उघडून त्यांच्या धारेखालीं भिजावयाचें, ही तेथल्या मुलांची उन्हाळ्यांतील चाल पुढें पिढ्यान् पिढ्या चालत आली. १९३६ च्या उन्हाळ्यांत त्या शहरानें ११ मोठे सार्वजनिक पोहण्याचे तलाव खुले केले, तरी गल्लींतला नळ कांहीं मुलांनीं सोडला नाहीं. तलाव दूर असतो. नळ दारांत असतो.

नगरपालिकेला हा खेळ परवडण्यासारखा नव्हता. असा पूर्ण उघडा टाकलेला नळ मिनिटाला ३,७०० लिटरांहून अधिक पाणी ओकतो. शिवाय आसपासच्या नळांतील दाब उतरतो. अशा वेळीं खरोखरच आग लागली तर बंबवाल्यांनीं करावें काय? धारेचा जोरहि एवढा, कीं लहान मूल रस्त्यावर फेंकलें जाईल. बंदी घालून पाहिली. परंतु उकाड्यापुढें बंदीचें कांहीं चालत नाहीं. शेवटीं तेथें एक शहाणपणाची तोड काढण्यांत आली. नळाच्या तोंडावर बसवावयाचें भोकांचें एक झांकण तयार केलें. तें बसविलें म्हणजे तीच धार पावसासारखी पसरते आणि मिनिटाला सुमारें ९५ लिटर पाण्यांत काम भागतें. अठरा वर्षांवरील कोणाहि रहिवाशानें ओळखपत्र घेऊन जवळच्या अग्निशामक ठाण्यावर जावें आणि झांकण फुकट बसवून घ्यावें, असा नियम आहे. मुलाचा हट्टहि राहिला आणि बंबाचें पाणीहि राहिलें. शिक्षकाच्या पेशांत ज्यांनीं दिवस काढले, त्यांना या तडजोडीची किंमत अधिक कळेल.

माझी कन्या त्या शहरांत राहते. तिच्याकडे गेलों असतांना जुलैमधील एका दुपारीं मीं हा प्रकार स्वतः पाहिला. एक वृद्ध बाई घडीची खुर्ची टाकून नळाशेजारीं पहारा देत बसल्या होत्या. चार-पांच भाषांचीं मुलें एकाच सुरांत ओरडत होतीं. मोटारी हळू होत, कांचा वर चढत, आणि गाडी धुऊन निघाल्याच्या समाधानांत पुढें जात. उद्यानांतून हीच सोय पक्क्या स्वरूपांत केलेली असून तशीं तुषारस्नानाचीं ठिकाणें त्या शहरांत शेंकडों आहेत. तिकीट नाहीं, नांवनोंदणी नाहीं. चालत यावें आणि भिजावें.

भिजल्यानें गार कां वाटतें, हें शाळेंत शिकविलेलें श्रोत्यांना आठवत असेल. अंगावरील एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता लागते, आणि तिचा बराच भाग आपल्या अंगांतून घेतला जातो. एवढ्या उष्णतेनें ५८ लिटर पाण्याचें तपमान दहा अंशांनीं वाढलें असतें. म्हणून तुषारांगणांत मोठ्या पाण्याची गरज नाहीं. अंग ओलें राहिलें म्हणजे पुरे. माठाची आणि वाळ्याच्या ताट्यांची युक्ति हीच. अर्थात् ही युक्ति नागपूर-अमरावतीच्या कोरड्या हवेंत जेवढी साधते, तेवढी मुंबईच्या दमट हवेंत साधत नाहीं. मुंबईकरांनीं अपेक्षा थोडी कमी ठेवावी.

आतां ज्या गोष्टीसाठीं मी हा विषय निवडला तिच्याकडे वळतों. मी एका तालुक्याच्या गांवीं शिक्षक असतांना, जून महिन्यांत शाळा उघडल्यावर पहिल्या दिवशीं हजेरी घेत होतों. एका नांवाला उत्तर आलें नाहीं. मीं तें पुन्हां वाचलें. वर्ग स्तब्ध होता. मग पहिल्या बांकावरील मुलानें उभें राहून सांगितलें, "गुरुजी, तो मे महिन्यांत खाणींत गेला." गांवाबाहेर दगडाची जुनी खाण होती. तिच्यांत बाराहि महिने हिरवें पाणी असे. मुलाला थोडेंफार पोहतां येत होतें. परंतु कांठ उभा तुटलेला, शेवाळलेला, वर यावयास पायरी नाहीं. त्याचे वडील दाखला नेण्यासाठीं शाळेंत आले, तेव्हां त्यांनीं मला विचारलें, "गुरुजी, पोरानें जायचं तरी कुठं होतं?" गांवांत नदी कोरडी, विहिरीवर मोटारपंप बसलेले, तलाव नाहीं. मजपाशीं उत्तर नव्हतें.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ या एका वर्षांत जगांत सुमारें ३ लाख माणसें बुडून मेलीं, आणि त्यांतला जवळजवळ चौथा हिस्सा पांच वर्षांखालील बालकांचा होता. कालवा, खाण, शेततळें, उघडी टांकी यांच्याकडे उन्हाळ्यांत मुलें कां वळतात, याचा विचार न करतां नुसत्या 'येथें पोहूं नये' अशा पाट्या लावून हें थांबणार नाहीं. चौदा वर्षांच्या मुलाला तुषारांगण पुरणार नाहीं, हें मी जाणतों; त्याला पोहणेंच शिकविलें पाहिजे. परंतु तीनपासून दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा उन्हाळा त्यांत सुखानें जाईल. जीं मुलें पोहण्याच्या तलावाला कायमचीं मुकलेलीं असतात, त्यांचीहि सोय होते. चाकांच्या खुर्चीवरील मूल सपाट फरशीवरून सरळ धारांत येऊं शकतें. टेक्सास राज्यांतील सॅन अँटोनिओ येथें २०१७ साली अपंगांना डोळ्यांपुढें ठेवून असें एक जलोद्यान उघडलें. तेथें दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या, भिजल्या तरी न बिघडणाऱ्या खुर्च्या ठेवल्या आहेत.

एवढें ऐकून कोणी लगेच आपल्या सोसायटीच्या सभेंत ठराव मांडावयास निघेल, तर त्यानें क्षणभर थांबावें. बुडण्याचें भय गेलें तरी रोगाचें भय जात नाहीं. पाणी एकदांच वापरून सोडून द्यावयाचें, किंवा जमिनीखालील टांकींत गोळा करून, गाळून, क्लोरिन घालून पुन्हां वर आणावयाचें, असे दोन प्रकार आहेत. दुसऱ्या प्रकारांत सर्व मुलांचे पाय, अंगें आणि लंगोट धुतलेलें पाणीच पुन्हां वर येत असतें, आणि लहान मूल तोंड उघडें ठेवूनच कारंज्यावर वांकतें. न्यूयॉर्क राज्यांतील सेनेका सरोवराकांठच्या सरकारी उद्यानांत २००५ च्या उन्हाळ्यांत याच प्रकारें दोन हजारांहून अधिक लोकांना जुलाबाचा विकार जडला. 'क्रिप्टोस्पोरिडियम' नांवाचा तो सूक्ष्म जंतु नेहमींच्या प्रमाणांतील क्लोरिनच्या पाण्यांतहि आठवड्याहून अधिक काळ तग धरतो. त्या प्रसंगानंतर त्या राज्यानें अशा ठिकाणीं पाण्यावर अतिनील किरणांची प्रक्रिया सक्तीची केली. धार जितकी बारीक उडवावी तितका पाण्यांतला क्लोरिन हवेंत लवकर निघून जातो, हीहि एक अडचण. टेक्सासमधील आर्लिंग्टन शहरीं तर २०२१ साली तुषारांगणांत खेळलेलें एक बालक मेंदूच्या अमीबाच्या विकारानें दगावलें. हा अमीबा पोटांत गेल्यानें कांहीं होत नाहीं, तो नाकांतून मेंदूपर्यंत चढतो. चौकशींत पाण्याच्या रोजच्या तपासणींत हयगय झाल्याचें आढळलें. केरळांत २०२४ व २०२५ साली अमीबाजन्य मेंदुविकाराचे अनेक रोगी आढळले, तेव्हां हें दूरदेशचें संकट म्हणून सोडून देण्याजोगें नाहीं.

आणि शेवटीं पाण्याचा हिशेब. मिनिटाला २०० लिटर पाणी घेणारें लहानसें तुषारांगण दिवसांतून सहा तास चाललें तर ७२,००० लिटर पाणी लागेल. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक पुस्तिकेंत शहरांतील माणशीं १३५ लिटर रोजचें प्रमाण धरलेलें आहे. त्या मापानें हें सुमारें ५३० माणसांचें पाणी झालें. ज्या शहरांत पलीकडच्या वस्तींत टँकरपुढें कळशांची रांग लागते, तेथें एवढें पाणी गटारांत सोडणें हा निर्लज्जपणा होईल.

म्हणून माझें मत असें आहे, कीं आपल्याकडे तुषारांगण असावें तें मोठ्या बागेला लागून. पाणी पिण्यायोग्य असावें, एकदांच उडवावें आणि खालच्या टांकींतून झाडांना द्यावें. म्हणजे बागेला लागणारें पाणीच वाटेंत मुलांना भिजवून जाईल. धारा सतत चालूं नयेत. मुलानें खुंटी दाबली कीं दोन-तीन मिनिटें चालाव्यात आणि थांबाव्यात. तीं दोन-तीन मिनिटें झाल्यावर खुंटी दाबण्यासाठीं जी धांवाधांव होते, तींत अर्धा खेळ आहे. पाणी पुन्हां वापरणेंच भाग असेल तर क्लोरिनचें माप दर तीन-चार तासांनीं घेऊन, ज्यानें घेतलें त्याच्या सहीसह फळ्यावर लिहावें. फळा कोरा असेल त्या दिवशीं आईबापांनीं मुलांना परत घेऊन जावें. दुष्काळाच्या वर्षीं अंगण बंद ठेवावें व मुलांना त्याचें कारण समजावून सांगावें. मुलांना तें कळतें.

घरच्या मंडळींसाठीं आणखी थोडें सांगतों. मुलाला नेण्यापूर्वीं घरीं साबणानें स्वच्छ आंघोळ घालावी. जुलाब झालेल्या मुलाला बरें वाटल्यावरहि दोन आठवडे नेऊं नये. पाणी पिऊं नये आणि नाक धारेवर धरूं नये, हें आधींच बजावावें. फरशी खरखरीत असावी. गुळगुळीत लादी ओली झाली कीं घसरलीच. धातूचे खांब उन्हांत तापतात, त्यांना हात लावून पाहावा. जागा सावलीची नसेल तर अकरा ते चार ही वेळ सोडून जावें. आणि कांठावर आजी-आजोबांसाठीं एक बांक हवाच; तो धारेच्या टप्प्याबाहेर ठेवला असल्याची खात्री बसण्यापूर्वीं करून घ्यावी.