ध्यान विहारात, कसोटी वस्तीत



नागपूर नगरीत या परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत समतेसाठी झटण्याच्या प्रतिज्ञेला लागूनच अष्टांगिक मार्गाची प्रतिज्ञा येते. साधना आणि सामाजिक न्याय यांची सांगड त्यांनी तेव्हाच घालून दिली. ती टिकवणे आता आपल्या हाती आहे.

समाजापासून तोडलेली सजगता अपुरी राहते, असे माझे स्पष्ट मत आहे. अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती, म्हणजेच सजगता, सातवी. वाचा, कर्म आणि आजीविका तिच्या आधी येतात. म्हणजे आपण काय बोलतो, कसे वागतो, कशावर जगतो, हे तपासल्यावाचून ध्यानाला पाया मिळत नाही. सतिपट्ठान सुत्तही आत आणि बाहेर, दोन्हीकडे पाहायला सांगते. बुद्धांच्या संघातही हीच दृष्टी दिसते. बुद्धांच्याच शाक्य कुलातील कुमारांच्या आधी उपाली या न्हाव्याला प्रव्रज्या मिळाली आणि कुलाचा अभिमान सोडून त्या कुमारांना त्याला वंदन करावे लागले.

ध्यान शोषितांना शांत बसवते, असा आक्षेप घेतला जातो. तो गंभीर आहे, कारण केवळ ताण घालवण्याचे साधन झालेले ध्यान अन्याय सहन करायलाच शिकवील. पण धम्म दुःखाचे कारण शोधायला सांगतो. कूटदंत सुत्तातील पुरोहित राजाला बजावतो की शिक्षेने चोऱ्या थांबणार नाहीत. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि नोकराला वेतन द्या, असे तो सुचवतो. असे कारणापर्यंत पोहोचणारे मन गप्प बसत नाही, आणि द्वेषानेही पेटत नाही. समाजकार्याने साधना भंगते, असा उलट आक्षेपही घेतला जातो. परंतु दुर्लक्षित आजारी भिक्खूला बुद्धांनी आपला शिष्य आनंद याच्यासह स्वतः स्नान घातले आणि रुग्णसेवेला आपल्या सेवेचे स्थान दिले. सेवा हा साधनेचाच भाग आहे, याला आणखी कोणता पुरावा हवा?

म्हणून माझे आवाहन आहे: ज्या विहारात ध्यानवर्ग चालतो, तिथे अभ्यासिकाही चालावी, अत्याचारग्रस्तांना कायद्याची मदत मिळावी आणि पोटजातीच्या भिंती पाडण्याचे काम व्हावे. परिषदेने तसा ठराव करावा आणि प्रत्येकाने तो आपल्या वस्तीत अमलात आणावा.

नमो बुद्धाय! जय भीम!