शाळेची शीव
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवसांत पूर्वजांचें गुणगान करावें हा लोकाचार आहे, आणि तो योग्यच आहे. ज्यांनीं देवळाच्या भिंती उभ्या केल्या आणि त्या भिंतींच्या सावलींत शाळा काढली, त्यांचें ऋण आपण मानलेंच पाहिजे. परंतु आजची सभा पालकांची आहे, आणि पालकांच्या मनांत मागच्या पन्नास वर्षांपेक्षां पुढच्या जून महिन्याची चिंता अधिक असते. मूल कोणत्या शाळेंत घालावें? ती शाळा घरापासून किती दूर? आणि बाकावर आपल्या मुलाच्या शेजारीं कोण बसेल? हे तीन प्रश्न निरनिराळे वाटतात खरे. पण ते एकाच प्रश्नाचीं तीन अंगें आहेत. तो प्रश्न म्हणजे शाळेची शीव कोठें आहे आणि ती कोणीं आंखावी, हा होय.

गांवाची शीव दगड रोवून दाखवितात. शाळेच्या शिवेला दगड नसतो. ती कायद्याच्या कलमांत, फीच्या पावतींत आणि मोटारबसच्या मार्गांत दडलेली असते. म्हणूनच ती चटकन डोळ्यांत भरत नाहीं.

आपल्या इकडे हा वाद कांहीं आजचा नव्हे. तेव्हांच्या मुंबई इलाख्यांतील धारवाड येथें १८५६ सालीं एका महार मुलानें सरकारी शाळेंत प्रवेश मागितला व तो त्यास नाकारण्यांत आला. शाळा सरकारची, पैसा रयतेचा. तरी दार बंद! पुढें कोल्हापुरीं शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, आणि १९१९ सालीं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून सर्व मुलांस एकाच शाळेंत बसविण्याचा हुकूम काढला. नुसती शाळा काढल्यानें समता येत नाहीं, एका छपराखालीं बसल्यानें ती येऊं लागते, हें त्या राजानें ओळखलें होतें.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगानें १९६६ च्या आपल्या अहवालांत शेजारशाळेची कल्पना मांडली. ज्या परिसरांत शाळा असेल, त्या परिसरांतील गरीब-श्रीमंत सर्व मुलांनीं त्याच शाळेंत शिकावें, असा तिचा आशय. ही कल्पना पुष्कळ वर्षें कागदावरच राहिली. अखेर २००९ सालीं बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलांत आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींस त्यानें शिक्षणाचा हक्क दिला. शिवाय विनाअनुदानित खाजगी शाळांनीं पहिल्या इयत्तेंत निदान २५ टक्के जागा परिसरांतील दुर्बल व वंचित घरांतल्या मुलांस द्याव्या आणि त्यांस आठवीपर्यंत फुकट शिकवावें, असा दंडक घातला. या मुलांचा ठराविक खर्च सरकारनें शाळेस परत करावयाचा. परिसर म्हणजे किती, याचें माप केंद्राच्या २०१० च्या नियमांत आहे: पहिली ते पांचवीस एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीस तीन किलोमीटर, तेंही पायीं चालण्याचें अंतर.

हें माप कशासाठीं घातलें, तें लक्षांत घ्या. सहा वर्षांच्या मुलाचे पाय दमूं नयेत म्हणून. अंतराची ही अट मुलाच्या बाजूची होती. पण ९ फेब्रुवारी २०२४ रोजीं महाराष्ट्र शासनानें एक अधिसूचना काढून तेंच माप उलटें धरलें. ज्या खाजगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आंत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिला २५ टक्क्यांच्या बंधनांतून मोकळीक मिळाली. शहरांत तर प्रत्येक कोसांत एखादी नगरपालिकेची अथवा अनुदानित शाळा असतेच. तेव्हां पुष्कळशा मोठ्या शाळांचें दार गरीब मुलांस बंद होणार हें उघड होतें. कर्नाटकानें अशीच तरतूद यापूर्वींच केली होती.

शासनाच्या बाजूनें कांहींच बोलण्यासारखें नव्हतें असें नाहीं. सरकारी शाळा ओस पडत असतांना खाजगी शाळांस पैसे कां मोजावे, हा प्रश्न खोटा नव्हे. आणि परताव्याची रक्कम वेळेवर हातीं येत नाहीं, ही शाळाचालकांची ओरडही खोटी नव्हे. परंतु हिशेबाची अडचण हिशेबानें सोडवावी. ती मुलाच्या माथीं मारूं नये. पालक उच्च न्यायालयांत गेले. न्यायालयानें ६ मे २०२४ रोजीं अधिसूचनेस स्थगिति दिली आणि १९ जुलै २०२४ रोजीं ती रद्द केली. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तो निर्णय कायम ठेविला.

आतां आपल्यापैकीं कोणी म्हणेल कीं, या कथेशीं आपल्या धर्मग्रामाच्या शाळेचा काय संबंध? संबंध असा कीं, या बंधनांतून आपण अगोदरच मोकळे आहों. १२ एप्रिल २०१२ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा या कलमांतून वगळल्या, आणि ६ मे २०१४ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें अनुदानित व विनाअनुदानित अशा सर्वच अल्पसंख्याक शाळांस तो कायदा लागू नाहीं असें ठरविलें. या निर्णयाचा फेरविचार मोठ्या पीठानें करावा कीं काय, हा प्रश्न दोन न्यायमूर्तींच्या पीठानें १ सप्टेंबर २०२५ रोजीं उपस्थित केला. न्यायालय पुढें काय ठरवील तें ठरवो. माझा मुद्दा न्यायालयाचा नाहीं, आपला आहे.

घटनेच्या ३० व्या कलमानें अल्पसंख्याकांस आपल्या शाळा स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. तो मोलाचा आहे आणि तो सोडून द्यावा असें मी म्हणत नाहीं. पण हक्क हें कुंपण आहे. कुंपण बागेच्या रक्षणासाठीं असतें. शेजारच्या मुलास फळ मिळूं नये म्हणून नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं ख्रिस्ती शिक्षणावर जो जाहीरनामा काढला, त्यांत कॅथलिक शाळांनीं गरिबांची विशेष काळजी वाहावी असें स्पष्ट सांगितलें आहे. तेव्हां कायद्यानें जें आपणांवर लादलें नाहीं, तें आपल्याच धर्ममातेनें आपणांकडे मागितलें आहे. कायद्याची सक्ति नसतांना केलेलें कामच खऱ्या अर्थानें आपलें असतें.

पालकांच्या शंका मात्र टाळून चालणार नाहीं. पहिली शंका अशी कीं, गरिबांचीं मुलें वर्गांत आलीं म्हणजे अभ्यासाचा दर्जा उतरेल. या शंकेची परीक्षा दिल्लींत झालेली आहे. तेथील बड्या खाजगी शाळांस सरकारकडून सवलतीनें जमिनी मिळाल्या होत्या. त्या बदल्यांत २००७ पासून गरीब मुलांस जागा देणें त्यांस भाग पडलें. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञानें त्या शाळांतील श्रीमंत मुलांचा अभ्यास करून २०१९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या श्रीमंत मुलांच्या वर्गांत गरीब सोबती होते, तीं अधिक उदार आढळलीं. दानधर्माच्या कामास आपण होऊन पुढें आलीं. आणि धांवण्याच्या शर्यतींत जोडीदार निवडतांना त्यांनीं गरीब मुलास केवळ गरीब म्हणून मागें सारण्याचें प्रमाण कमी झालें. हिंदी व गणिताच्या गुणांत फरक पडला नाहीं. इंग्रजीचे गुण किंचित उतरले, आणि वर्गांत अपशब्दांच्या तक्रारी कांहींशा वाढल्या. दोन्ही पारडीं मी आपणांपुढें ठेविलीं आहेत. इंग्रजीचे थोडे गुण शिकवणीनें भरून काढतां येतात. माणुसकीची शिकवणी कोठें लागते, तें मला ठाऊक नाहीं.

दुसरी शंका दयेच्या पोटीं येते. श्रीमंतांच्या शाळेंत गरीब मूल कोमेजेल, त्याला आपलें उणेपण टोंचेल, असें कित्येक माता म्हणतात. यांत तथ्य आहे. फी माफ झाली तरी गणवेश, बूट, सहल, स्नेहसंमेलनाचा पोशाख, मोबाईलवर येणारा गृहपाठ या वाटांनीं खर्च घरांत शिरतोच. पण यावर उपाय मुलास बाहेर ठेवणें हा नव्हे. सहल अशी काढावी कीं जी सर्वांस झेपेल. आणि गरजूंस दिलेल्या मदतीचा उच्चार वर्गांत कधींही होऊं नये. गरीब मुलांची तुकडी वेगळी काढणें किंवा त्यांस दुपारचे वर्ग देणें, हें तर एका दारानें आंत घेऊन दुसऱ्या दारानें बाहेर काढण्यासारखें आहे.

तिसरी गोष्ट अंतराची. अमेरिकेंत या प्रश्नावर पालकांत फार मोठे वाद झाले. तेथें गोऱ्यांच्या व काळ्यांच्या वस्त्या दूर दूर पडल्या होत्या, आणि घराचा पत्ता पाहून शाळा ठरत असे. १९५४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें वंशावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. पण वस्त्याच वेगळ्या, तर शाळा एक कशा व्हाव्या? म्हणून १९७१ सालीं मुलांस बसनें दुसऱ्या भागांतील शाळांत नेण्याचा मार्ग न्यायालयानें मान्य केला. बोस्टन शहरांत १९७४ सालीं त्यावरून दंगे झाले. त्याच वर्षीं डेट्रॉइटच्या खटल्यांत, शहराची शीव ओलांडून उपनगरांतील शाळांस या योजनेंत ओढण्यास न्यायालयानें नकार दिला. लहान मुलांस लांबचा प्रवास कां, असें पालक विचारीत. कांहींच्या तोंडीं तो खरा कळवळा होता, तर कांहींच्या तोंडीं तें निमित्त होतें. तेथें जवळची शाळा आणि मिसळून शिकणें या दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड आल्या.

आपल्याकडे तसें नाहीं, आणि हेंच मला आज मुख्यतः सांगावयाचें आहे. वसईच्या पट्ट्यांत काय किंवा मुंबईंत काय, उंच इमारत, जुनी वाडी, चाळ आणि पाडा हीं एकाच रस्त्याच्या दोन कडांना नांदतात. ज्या घरांत मोटार आहे, त्या घरचीं भांडीं घासणारी बाई पायींच येते. म्हणजे तिचें मूलही त्याच शाळेपासून हांकेच्या अंतरावर राहतें. येथें जवळची शाळा हीच मिसळलेली शाळा होऊं शकते. मग ती तशी कां नाहीं? कारण येथें बस उलटें काम करते. अमेरिकेंत बसनें निराळ्या वस्त्यांचीं मुलें एकत्र आणावयाचीं होतीं. आपल्याकडील पिवळी बस एकाच गल्लींतील मुलांना सकाळीं सातला वेगळें करते: ज्याची ऐपत आहे तो तीन शाळा ओलांडून चौथीस जातो, आणि ज्याची नाहीं तो मागें राहतो.

पायीं शाळेस जाणें ही गरिबाची लाचारी नव्हे; ती शेजाराची पहिली शाळा आहे. परंतु त्यासाठीं रस्ता चालण्याजोगा हवा. नकाशावर एक किलोमीटर सरळ रेषेंत मोजतां येतो. मुलाला मात्र रेल्वेचा रूळ, मालमोटारींचा हमरस्ता आणि पावसाळ्यांतलें गुडघाभर पाणी ओलांडावें लागतें. जेथें पदपथ नाहीं, तेथें जवळची शाळाही दूरच असते, आणि ज्याच्यापाशीं मोटार नाहीं त्यालाच ती अधिक दूर पडते.

म्हणून या महोत्सवाच्या वर्षीं पालकांनीं व चालकांनीं मिळून चार गोष्टी कराव्या, अशी माझी विनंती आहे. पहिली, कायद्याची वाट न पाहतां पहिल्या इयत्तेच्या कांहीं जागा पायीं येऊं शकणाऱ्या गरजू घरांसाठीं, जातधर्म न पाहतां, राखून ठेवाव्या. दुसरी, महोत्सवासाठीं जमलेल्या निधींतून रोषणाईचा एक भाग कमी करून गणवेश-पुस्तकांचा कायम निधि उभारावा. तिसरी, ज्या वाटेनें मुलें चालत येतात ती वाट पालकांनीं स्वतः चालून पाहावी, आणि पदपथ, दिवे व रस्ता ओलांडण्याची सोय यांसाठीं महानगरपालिकेकडे एकमुखानें मागणी करावी. चौथी, प्रत्येक आळींतील दोघां वडील माणसांनीं पाळीपाळीनें त्या आळींतील सर्व मुलांस, आपल्या व परक्या, एकत्र शाळेपर्यंत पोंचवावें. या चौथ्या कामास पैसा लागत नाहीं.

प्रभूस एका शास्त्र्यानें शेजारी कोणास म्हणावें असें विचारलें, तेव्हां प्रभूनें त्यास अंतराचें माप दिलें नाहीं; एका वाटेची कथा सांगितली. जखमी माणसाजवळून जाणारे पहिले दोघे त्याच वाटेनें गेले होते. जवळ असूनही ते शेजारी झाले नाहींत. जो थांबला तो झाला. कायदा एक किलोमीटर म्हणो किंवा तीन म्हणो, आपल्या शाळेची खरी शीव तेथपर्यंतच आहे, जेथपर्यंत आपण थांबून पाहतों. येत्या जूनमध्यें फाटक उघडेल, तेव्हां चालत येऊं शकणारें कोणतेंही मूल केवळ गरीब म्हणून बाहेर उभें राहूं नये, एवढें या सभेनें मनावर घ्यावें, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.