मोटारीतील नाद आणि विजेचा जमाखर्च

भोपाळच्या अरेरा कॉलनीत सायंकाळी एखादी लहान मोटार मोठ्याने गाणे लावून जाते, आणि ढोलाच्या प्रत्येक ठोक्यासरशी तिचे पुढचे दिवे क्षणभर मंदावतात. ही विजेच्या टंचाईची खूण होय.

मोटारीत वीज निर्माण होते ती इंजिनावर फिरणाऱ्या आल्टरनेटरमध्ये. १००० वॅटचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोराने वाजला आणि त्याची कार्यक्षमता शेकडा ८० धरली, तर त्याला १२५० वॅट वीज हवी. म्हणजे १४ व्होल्टच्या दाबाने सुमारे ९० अँपिअर. लहान मोटारीचा आल्टरनेटर साधारणतः ६० ते ९० अँपिअर देतो, आणि त्यातूनच दिवे, पंखा व इंजिन यांचीही गरज भागवावी लागते. उरलेली तूट बॅटरी भरून काढते. परंतु ती सावकार आहे, दाती नव्हे. तिचे देणे फिटले नाही, तर रात्री आजाऱ्याला इस्पितळात न्यावयाच्या वेळीच गाडी सुरू होत नाही. दुसरी बॅटरी जोडल्याने कोठार वाढते, उत्पन्न नव्हे. त्यासाठी अधिक क्षमतेचा आल्टरनेटरच हवा.

याहून गंभीर गोष्ट तारेची. एवढा प्रवाह बारीक तारेतून नेल्यास ती तापते, आणि वेष्टण घासून तार पत्र्याला टेकली तर आग लागते. म्हणून तार जाड, शुद्ध तांब्याची असावी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी निकट बसवावा. कारण त्याच्या अलीकडच्या तारेला कोणी रक्षक नसतो.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा संसारातला नियम बॉनेटखालीही तितकाच खरा आहे.