पहिल्या भांडवलाचा प्रश्न



नव्या उद्योगाला भांडवल कोण पुरवितो, हा प्रश्न जितका अर्थशास्त्राचा तितकाच भूगोलाचाही आहे. कोलकात्याच्या पूर्वेस वसलेल्या न्यू टाउनमध्ये त्याला विशेष धार येते. १९९९ साली स्थापन झालेल्या ‘हिडको’ या सरकारी कंपनीने राजारहाटच्या शेतजमिनीवर हे नगर उभारले. २०१८ साली येथेच माहिती-तंत्रज्ञान उद्योगांच्या ‘सिलिकॉन व्हॅली’ वसाहतीची कोनशिला बसली. रस्ते, इमारती आणि सुशिक्षित मनुष्यबळ यांची येथे वाण नाही. तथापि भांडवलाच्या शोधात निघालेला तरुण बंगळूर, मुंबई वा दिल्ली यांची वाट धरतो.

यामागे केवळ मोह नाही. बँक तारण पाहून कर्ज देते आणि व्याजासह परत घेते. ज्याच्याजवळ एका कल्पनेखेरीज काही नाही, त्याने तारण कोणते ठेवावे? साहस-भांडवल पुरविणारा तारणाऐवजी उद्योगातील हिस्सा घेतो. दहांपैकी बहुतेक उद्योग बुडतील आणि एखाददुसरा सर्वांची भरपाई करील, असा त्याचा हिशेब असतो. म्हणूनच त्याला माणसाची पारख करावी लागते, कारभारावर नजर ठेवावी लागते आणि पुढे आपला हिस्सा विकत घेणारा दुसरा गुंतवणूकदारही हवा असतो. असे अनेक जण जेथे एकत्र नांदतात, तेथे ही कामे सुकर होतात. पैसा पैशाकडे जातो, तो असा.

परंतु केंद्रापासून दूर राहून भांडवल उभे राहत नाही, असे इतिहास म्हणत नाही. याच कोलकात्यात प्रफुल्लचंद्र राय यांनी १८९२ साली अवघ्या सातशे रुपयांवर औषधनिर्मितीचा उद्योग आरंभिला. डॉ. अमूल्यचरण बसू यांच्या साहाय्याने ती औषधे शहरातील वैद्यांपर्यंत पोहोचली. प्रथम गिऱ्हाईक लाभले. १९०१ साली मर्यादित कंपनी झाली ती त्यानंतर.

महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावे लागले, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना जागा दिली. १९१० साली उसनवारीच्या भांडवलावर निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तारणापेक्षा माणसाची ओळख येथे मोलाची ठरली.

अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने आणखी निराळा मार्ग चोखाळला. घरोघरी एकेक पैसा गोळा करून तळेगाव येथे १९०८ साली काचेचा कारखाना उभा राहिला. हा निधी मात्र देणगीचा होता. देणाऱ्याला नफ्यात वाटा नव्हता. देणगीने पहिले पाऊल पडते. पुढील प्रत्येक पावलासाठी पुन्हा हात पसरणे मात्र कठीण असते.

आज शासनही या क्षेत्रात उतरले आहे. २०२१ साली केंद्र सरकारने ९४५ कोटी रुपयांची बीज-निधी योजना आखली. निवडलेल्या पोषण-केंद्रांमार्फत नवउद्योगाला कल्पनेच्या सिद्धतेसाठी वीस लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी पन्नास लाखांपर्यंत कर्ज अथवा तत्सम साहाय्य देण्याची तीत तरतूद होती. याचा गुण हा की, अर्जदाराला राजधानीत बिऱ्हाड करावे लागत नाही. मर्यादा ही की, सरकारी निधी गिऱ्हाईक मिळवून देत नाही.

तेव्हा न्यू टाउनसारख्या नगरापुढील खरा प्रश्न भूखंडांचा नाही. व्यापारात आणि घरांत गुंतलेल्या स्थानिक धनाचा लहानसा अंश, बुडण्याची तयारी ठेवून, शेजारच्या तरुणाच्या उद्योगात हिस्सा म्हणून लागेल काय? येथील रुग्णालये, कचेऱ्या आणि दुकाने त्याची पहिली गिऱ्हाइके होतील काय? तसे घडले, तर बाहेरचा गुंतवणूकदार आपण होऊन चौकशीला येईल. न घडले, तर नगर माणसे घडवील आणि त्यांच्या कर्तृत्वाचे फळ इतर शहरे चाखतील.