परक्या सूर्याकडून आलेला पाहुणा

मागच्या दिवाळीनंतर बचत गटांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता, तुमच्याही मोबाईलवर आला असेल. आकाशातून शेपटीवालं काहीतरी पृथ्वीकडे निघालंय, ते परग्रहावरच्या लोकांचं यान आहे, सावध राहा! एका आजींनी मला विचारलं, "बाई, आपल्या गावावर पडंल का हो ते?" सुनेचे दिवस भरत आले होते, म्हणून त्यांचा जीव खालीवर होत होता.

आलेली वस्तू खरी होती. १ जुलै २०२५ ला ती चिली देशातल्या ॲटलास दुर्बिणीला दिसली, म्हणून नाव पडलं ३आय/ॲटलास. यान नव्हतं ते, धूमकेतू होता. आपल्या जुन्या बायका ज्याला शेंडेनक्षत्र म्हणायच्या, तेच. बर्फ आणि धुळीचा गोळा. सूर्याची ऊब लागली की बर्फाची वाफ होते, धूळ उडते आणि मागे शेपटी दिसते.

पण हा धूमकेतू आपल्या घरचा नव्हता, दुसऱ्या कुठल्या तरी ताऱ्याकडून आलेला होता. हे कसं ओळखलं? त्याच्या वेगावरून आणि वाटेवरून.

आपली माउलींची पालखी दरवर्षी वेळापूरला मुक्कामाला येते. आपले धूमकेतूही तसेच, ठरलेल्या वाटेनं फिरून येणारे. हॅलेचा धूमकेतू १९८६ ला येऊन गेला, आता २०६१ ला येईल. सूर्य म्हणजे खुंटा, आणि हे सगळे त्याला दावणीनं बांधलेले. काहींची दावण आखूड, काहींची फार लांब, एवढाच फरक. पृथ्वीइतक्या अंतरावर एखाद्या वस्तूचा वेग सेकंदाला ४२ किलोमीटरपेक्षा जास्त असला, तर सूर्याला ती धरून ठेवता येत नाही. हा पाहुणा तर दुरून येतानाच सेकंदाला सुमारे ५८ किलोमीटर वेगानं येत होता. एसटीला वेळापूरहून सोलापूरला जायला दोन तास तरी लागतात, याला दोन सेकंद पुरतील! सूर्याजवळून जाताना त्याची वाट थोडी वळली, पण तो थांबला नाही आणि आता परत यायचाही नाही.

मग तो आपल्या घरातून निघाला कसा? ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभं राहून आपण गोफण फिरवतो ना, तसं. ताऱ्याभोवती गुरूसारखा मोठा ग्रह असला, की जवळ आलेल्या छोट्या गोळ्याला तो आपल्या ओढीनं गरकन फिरवून बाहेर भिरकावतो. आपल्या गुरूनंही असे कितीतरी गोळे भिरकावले असणार. म्हणजे आपल्याकडचे दगडही कुणाच्या तरी दारावरून जात असतील. मला तर याचीच जास्त गंमत वाटते.

याआधी असे दोनच पाहुणे सापडले होते. २०१७ ला ओमुआमुआ, हवाई बेटांवरच्या दुर्बिणीतून. २०१९ ला दुसरा, तो गेनाडी बोरिसोव्ह यांनी स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून शोधला. लडाखमधल्या हानले इथल्या आपल्या दुर्बिणीनं त्याचा अभ्यास केला आणि या तिसऱ्याचे फोटो नोव्हेंबरमध्ये माउंट अबूच्या दुर्बिणीनं घेतले.

आता आजींच्या प्रश्नाकडे येते. आकाशातून दगड पडतच नाहीत, असं मी म्हणणार नाही. बुलढाण्याचं लोणार सरोवर अशाच धडकेनं झालंय, जवळजवळ दोन किलोमीटर रुंद. पण हा पाहुणा १९ डिसेंबरला पृथ्वीच्या सगळ्यात जवळ होता, तेव्हाही मध्ये २७ कोटी किलोमीटरचं अंतर होतं. चंद्र आहे त्याच्या सातशे पट लांब. नुसत्या डोळ्यांना तो दिसलासुद्धा नाही. जे दिसलं नाही, त्याचा सुनेच्या पोटातल्या बाळाला काय त्रास होणार? आणि त्याची शांत करायची म्हणून कुणी पैसे मागितले, तर आधी विचारा, "कुठं आहे ते, दाखवा बघू."

चिलीतच आता रुबिन नावाची नवी मोठी दुर्बीण सुरू झालीय. तिला असे आणखी पाहुणे सापडतील, अशी शास्त्रज्ञांना आशा आहे. म्हणजे मेसेजही पुन्हा येतील. आला की पुढे पाठवण्याआधी दोनच गोष्टी बघा: अंतर किती लिहिलंय, आणि ते कुणी मोजलंय. मेसेजमध्ये या दोन्ही गोष्टी नसल्या, तर तो आपल्या रेडिओ केंद्राकडे पाठवा. त्यावर पुढच्या वेळी बोलू.